शेवटच्या आकड्यापासून सुरुवात

शिष्यवृत्ती परीक्षेचे दिवस जवळ आले की नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत, जिन्यावर किंवा गच्चीवर, मुलं वही घेऊन गाठतात. 'काका, ही मालिका सुटत नाही.' संख्यामालिका म्हणजे कुठल्यातरी एका नियमाने लावलेली संख्यांची रांग. रांगेतली प्रत्येक संख्या म्हणजे एक पद. बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात हा प्रश्न हमखास असतो, पोलीस भरतीत असतो, आणि हल्ली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही रोज एखादा येऊन पडतो.

परवा दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आली तेव्हा तिच्या वहीत हे होतं:

?, ११, २५, ५३, १०९, २२१

प्रश्नचिन्ह शेवटी असतं तर ती आलीच नसती. ते सुरुवातीला होतं, म्हणून ती ११ आणि २५ कडे टक लावून बसली होती. '११ म्हणजे ९ आणि २, २५ म्हणजे पाचाचा वर्ग...' असं तिचं चाललं होतं. मी तिला म्हटलं, 'ते दोन जरा झाकून ठेव. २२१ कडे बघ. हा कुठून आला असेल?'

हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. 'पुढे काय येईल' हे आपण सगळेच विचारतो. 'हा कुठून आला' असं विचारायला मात्र मुलांना फारसं कुणी शिकवत नाही.

मोठ्या आकड्यात नियम लपत नाही

११ चे २५ कसे झाले? १४ मिळवून होतील. दुप्पट करून ३ मिळवले तरी होतील. तिप्पट करून ८ वजा केले तरी होतील. संख्या लहान असल्या की पाचपन्नास वाटा एकाच ठिकाणी पोचतात आणि मूल गोंधळतं.

आता दुसऱ्या टोकाला या. १०९ चे २२१ झाले. १०९ ची दुप्पट २१८, वर उरले ३. तिप्पट धरली तर ३२७ होतात, त्यातून १०६ वजा करावे लागतील. असा नियम कुणी करणार नाही. म्हणजे 'दुप्पट अधिक ३'. लगेच मागच्या जोडीवर लावून बघा: ५३ ची दुप्पट १०६, अधिक ३, १०९. बसला.

असं का होतं, हे कळायला रिक्षाचं मीटर आठवा. ठाणे स्टेशनला रिक्षात बसून दोन गल्ल्यांवर उतरलात तर किमान भाडं भरता. किलोमीटरला दर काय, हे त्यावरून कळत नाही. तीच रिक्षा घोडबंदर रोडने कासारवडवलीपर्यंत नेलीत की किमान भाड्याचा भाग एकूण रकमेत किरकोळ ठरतो आणि दर स्पष्ट दिसतो. मालिकेतला '+३' हा तसाच. २५ ला ११ ने भागलं तर २.२७ येतात, २२१ ला १०९ ने भागलं तर २.०३. जितकं पुढचं पद, तितकी '३' ची लुडबुड कमी आणि 'दुप्पट' ठळक. म्हणून नियम ओळखायला मी नेहमी शेवटची जोडी आधी घेतो. ही काही युक्ती नव्हे, त्यामागे हे साधं कारण आहे.

नियम हाती आला की उलट चालायचं. २२१ मधून ३ काढा, निम्मे करा, १०९. तसंच ५३, २५, ११. आणि ११ मधून ३ काढले, ८, निम्मे ४. प्रश्नचिन्हाच्या जागी ४.

आधी काय उघडायचं

इथे बहुतेक मुलांची एक चूक होते, तिचीही झाली. तिने आधी ११ चे निम्मे केले, साडेपाच, आणि मग ३ वजा केले, अडीच. पडताळून बघितलं: अडीचची दुप्पट ५, अधिक ३, ८. अकरा येत नाहीत.

तीन कप्प्यांचा डबा भरताना भात खालच्या कप्प्यात जातो, भाजी मधल्यात, पोळ्या सगळ्यात वर. दुपारी डबा उघडताना पोळ्यांचा कप्पा आधी निघतो आणि भात शेवटी. भरताना जे शेवटी, ते उघडताना आधी. मालिका करताना आधी दुप्पट केली आणि मग ३ मिळवले, तर सोडवताना ३ आधी काढायचे. क्रियाही उलट्या आणि त्यांचा क्रमही उलटा. हे दोन्ही झालं नाही तर उत्तर चुकतं.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात एका श्लोकात ती सांगून टाकली: उलट जाताना गुणाकाराचा भागाकार होतो, भागाकाराचा गुणाकार, बेरजेची वजाबाकी आणि वजाबाकीची बेरीज. भास्कराचार्यांच्या १२व्या शतकातल्या 'लीलावती'त यावर एक उदाहरण आहे, ते मी मुलांना आवर्जून घालतो. एका संख्येला ३ ने गुणलं. आलेल्या गुणाकारात त्याचाच पाऊण भाग मिळवला. ७ ने भागलं. भागाकारातून त्याचाच तिसरा भाग वजा केला. उरलेल्याचा वर्ग केला, त्यातून ५२ काढले, वर्गमूळ घेतलं, ८ मिळवले, १० ने भागलं. उत्तर आलं २. तर मूळ संख्या कोणती?

सुरुवातीपासून 'क्ष' धरून बसलात तर पान भरेल. शेवटाकडून बघा. २ गुणिले १०, २०. वजा ८, १२. वर्ग १४४. अधिक ५२, १९६. वर्गमूळ १४. आता जरा सावकाश. हे १४ 'तिसरा भाग वजा करून' उरलेले आहेत, म्हणजे ते मूळच्या दोन तृतीयांश आहेत, मूळ २१. गुणिले ७, १४७. हे १४७ 'पाऊण भाग मिळवून' झालेले आहेत, म्हणजे मूळच्या पावणेदोन पट, मूळ ८४. भागिले ३, २८.

'सावकाश' म्हटलं ती जागा मोठ्यांनाही अडवते. १४७ मधून १४७ चा पाऊण भाग वजा करून चालत नाही, कारण मिळवलेला पाऊण भाग १४७ चा नव्हताच, ८४ चा होता. दुकानाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी धरून ११८ रुपये लिहिलेले असतील तर मूळ किंमत किती? कितीतरी जण ११८ चे १८ टक्के काढून वजा करतात आणि ९६ रुपये ७६ पैसे सांगतात. मूळ किंमत १०० आहे. कर १०० वर लागला होता, ११८ वर नाही. उलट जाताना 'कशाचा भाग' हे विसरलं की असंच होणार.

पायऱ्या उतरायच्या, मग चढायच्या

प्रत्येक मालिका 'दुप्पट अधिक काहीतरी' अशी नसते. ही बघा:

५, ११, २१, ३७, ६१, ?

६१ ला ३७ ने भागून काही हाती लागत नाही. अशा वेळी शेजारच्या पदांमधला फरक लिहायचा: ६, १०, १६, २४. त्यातूनही काही दिसत नाही? फरकांचे फरक लिहा: ४, ६, ८. आणखी एक पायरी: २, २. आता तळ लागला, सगळ्या संख्या सारख्या झाल्या.

उतरताना वजाबाकी केली, चढताना बेरीज करायची. तळाला आणखी एक २ लिहा. वरच्या ओळीत ८ नंतर १०. त्याच्या वर २४ अधिक १०, ३४. सगळ्यात वर ६१ अधिक ३४, ९५. हेच डावीकडेही जातं: ४ च्या आधी २, ६ च्या आधी ४, म्हणून ५ च्या आधी १.

मला या रीतीचं विशेष वाटतं ते हे की चढताना फक्त बेरीज लागते. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजने १८२२ मध्ये मांडलेलं गणनयंत्र याच गोष्टीवर आधारलेलं होतं. दातेरी चाकांना बेरीज करता आली की मोठमोठे तक्ते तयार करता येतील, हा त्याचा विचार. आपल्या जिन्यात बसून मूल जे करतं, ते त्या यंत्राचंच काम आहे.

'पण कुठलाही आकडा बसवता येतो!'

हा आक्षेप त्या मुलीच्या वडिलांचा. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करतात, गणित चांगलं आहे. ते म्हणाले, 'अहो, पाच संख्या दिल्या तर सहावी कुठलीही घ्या, तिला बसणारं सूत्र काढता येतं. मग बरोबर उत्तर म्हणजे काय?'

त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि ते झटकून टाकू नये. त्यांना मी एक ताटली, पेन्सिल आणि कागद दिला. ताटलीभोवती वर्तुळ काढा. कडेवर एक ठिपका: वर्तुळाचा एकच तुकडा. दोन ठिपके, त्यांना जोडणारी रेघ: दोन तुकडे. तीन ठिपके, प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना जोडला: चार. चार ठिपके: आठ. पाच: सोळा. सहा ठिपक्यांना किती?

सगळे बत्तीस म्हणतात. ठिपके असे ठेवा की आतल्या तीन रेघा एकाच बिंदूत भेटणार नाहीत, आणि मोजा. एकतीस येतात. पुन्हा मोजा, तरी एकतीसच. त्यांनी तीनदा मोजले.

१, २, ४, ८, १६ या पाच संख्यांना 'दुप्पट' हा नियम बसतो आणि वर्तुळाच्या तुकड्यांचा नियमही बसतो. फरकांच्या पायऱ्या उतरलात तर पहिली ओळ १, २, ४, ८, मग १, २, ४, मग १, २, मग १. शेवटचा १ तसाच राहील असं धरून वर चढा, ३१ मिळतील. म्हणजे दोन्ही रीती प्रामाणिक, आणि उत्तरं वेगळी.

इथेही उलट चालणं उपयोगी पडतं. १ च्या आधी काय? दुप्पटीच्या नियमाने अर्धा. पायऱ्यांच्या रीतीने मागे गेलात तर १ येतो. आता ताटलीकडे बघा: एकही ठिपका नसेल तर वर्तुळाचे तुकडे किती? एक, अख्खं वर्तुळ. अर्धा तुकडा कधीच येणार नाही. मागच्या एका पावलाने सांगितलं की या मालिकेला दुप्पटीचा नियम चालणार नाही, त्यासाठी सहावा ठिपका काढून रेघा मोजायचीही गरज नव्हती.

मग परीक्षेत १, २, ४, ८, १६ आलं तर? ३२ लिहायचं, बिनदिक्कत. प्रश्न काढणाऱ्याने वर्तुळाचा उल्लेख केलेला नाही, आणि 'दुप्पट करत जा' एवढ्या दोन-तीन शब्दांत पाचही संख्यांचा हिशेब लागतो. माझा निकष हा आहे: नियम सांगायला जितके आकडे लागतात, त्यापेक्षा जास्त पदं त्याने समजावली पाहिजेत. पाच पदं समजावायला पाच वेगवेगळे आकडे कोंबलेलं सूत्र लागत असेल तर त्याने काहीच समजावलं नाही, ती पाच पदं दुसऱ्या वेषात लिहून काढली इतकंच. वडिलांना हे पटलं, पण पूर्ण नाही. त्यांचं म्हणणं, प्रश्नातच 'सर्वांत सोपा नियम शोधा' असं लिहायला हवं. मलाही तसंच वाटतं.

परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो?

नसतो. पण शेवटची जोडी आधी बघायला जास्तीचा वेळ लागत नाही, उलट वाचतो. पर्याय दिलेले असतील तर प्रत्येक पर्यायाला विचारायचं, 'तू मागच्या पदापासून आलास का?' दोन पर्याय तिथेच गळतात. आणि ३, ५०, ६, ४५, १२, ४० अशी मालिका आली तर शेवटून बघताच कळतं की ४० चं १२ शी काही नातं नाही, ते ४५ शी आहे. म्हणजे दोन मालिका एकाआड एक गुंफलेल्या आहेत. पुढून बघणारं मूल ३ चे ५० कसे झाले याच विचारात अडकून राहतं.

जिथे उलटी वाट नसते

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत मागे जाता आलं. नेहमी येतंच असं नाही. मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो, आणि तो आपल्या माणसाने उघडून दाखवला आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं, पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवत राहिले. मोठं विद्यापीठ नाही, संशोधनाची पदवी नाही. १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकामध्ये त्यांच्या कामावर लिहिलं तेव्हा जगाने दखल घेतली. आपल्या ठाण्यातली किती मुलं हे नाव ओळखतात, हा विचार मनात आला की वाईट वाटतं.

त्यांची ६१७४ ही संख्या प्रसिद्ध आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. पुन्हा तेच. १८५३ घेऊ, बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली ते साल. ८५३१ वजा १३५८, ७१७३. मग ७७३१ वजा १३७७, ६३५४. मग ३०८७, मग ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे ६१७४ च येत राहतात. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत इथेच पोचता.

पण ६१७४ वरून मागे जाऊन दाखवा. कुठे जाणार? संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून तो डोंबिवलीहून आला, मुलुंडहून आला की ऐरोलीहून, हे सांगता येत नाही. वाटा एकत्र मिळाल्या की मूळची खूण पुसली जाते. वर लीलावतीच्या उदाहरणातही हे गुपचूप झालं होतं: १९६ चं वर्गमूळ १४ घेतलं, पण उणे १४ चा वर्गही १९६ च. म्हणून उणे २८ हेही त्या कोड्याचं उत्तर आहे, करून बघा. वर्ग केला की चिन्ह हरवतं आणि मागे जाताना वाट दुभंगते.

कापरेकरांचा दुसरा खेळ तर थेट उलट चालण्याचाच आहे. संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवा. ४७ मध्ये ४ आणि ७ मिळवले की ५८. ४७ ही ५८ ची जनक. आता उलट विचारा: अमुक संख्येची जनक कोण? १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. आणि २० ला एकही नाही. १० पासून १९ पर्यंत प्रत्येक संख्या तपासा, १५ वरून २१ येतात, १४ वरून १९, पण २० कशावरूनच येत नाहीत. अशा बिनजनक संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं 'स्वयंभू'. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३... देवळातल्या स्वयंभू मूर्तीसारख्या, कुणी न घडवलेल्या.

पुढे जाणं सोपं आणि मागे येणं अवघड, या गोष्टीवर आज पैशांचे व्यवहार चालतात. ८९ गुणिले ९७ कागदावर अर्ध्या मिनिटात होतात, ८६३३. पण नुसते ८६३३ हातात देऊन 'हा कुठल्या दोन संख्यांचा गुणाकार' असं विचारलं तर बराच वेळ जाईल. शेकडो अंकी अविभाज्य संख्या, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग न जाणाऱ्या, घेतल्या तर आजच्या संगणकांनाही ते जमत नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी याच अडचणीचं कुलूप केलं, आणि इंटरनेटवरची गुपितं राखायला ते वापरात आलं. मुलीच्या वडिलांना हे कामामुळे माहीत होतं; ते कापरेकरांच्या खेळाच्या इतक्या जवळ आहे हे त्यांना नवीन होतं.

रविवारी ती मुलगी आणि मी तलावपाळीला बाकावर बसलो होतो. तिने वहीत १८५३ लिहिले आणि त्याची जनक शोधायला घेतली. १८४९ चालली नाही, १८५३ च्या फार पुढे गेली. एकेक करत खाली येत ती १८४० वर थांबली: १, ८, ४ आणि ० मिळून १३, १८४० अधिक १३, १८५३. मग १८४० ची जनक. १८३९ पासून १८१९ पर्यंत एकवीस संख्या तिने एकाखाली एक लिहिल्या, प्रत्येकीत अंकांची बेरीज मिळवली. १८२४ वरून १८३९ आले, १८२५ वरून १८४१. मधले १८४० कुठेच नव्हते. तिने पान पुन्हा एकदा वरून खाली तपासलं आणि १८४० भोवती पेन्सिलीने गोल केला.